मिठातला उडीद

झाडाला काय होतंय हे विचारायचं असेल तर झाड मारावं लागतं. आमच्या कामाची ही पहिली अट, आणि ती बाहेरच्या कुणाला पटत नाही. त्यांना वाटतं आम्ही पांढरे कोट घालून पानांना वायरी लावत बसतो. तसं काही नसतं. पान खुडायचं, खुडल्या खुडल्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं आणि कडक झालं की खलात कुटायचं. जरा वेळ हातात धरून बसलात तर ते पान खुडल्याचीच खबर द्यायला लागतं, उन्हाची देत नाही. मग त्या भुकटीतून जे काय निघेल ते आमचं उत्तर.

मी मूळची सांगलीकडची. नवऱ्याला चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही चेन्नईला आलो आणि अण्णा नगरात भाड्यानं घर घेतलं. मला एका संशोधन संस्थेत कंत्राटी काम मिळालं. कंत्राटी म्हणजे मार्च महिना आला की जीव टांगणीला. काम होतं कडधान्यांवर. एकाच वेळी दोन संकटं आली तर झाडाच्या आत कोणती रसायनं तयार होतात, किती होतात आणि त्यांनी झाड तगतं की नाही, एवढं बघायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. ऊन तापलं की झाड पानांवरची बारीक छिद्रं उघडतं, पाणी उडवतं आणि गार होतं. मुळाशी खारं पाणी आलं की तीच छिद्रं मिटून घेतं आणि आहे ते पाणी धरून ठेवतं. दोन्ही एकदम आलं तर त्यानं करायचं काय? उघडलं तर वाळतं, मिटलं तर शिजतं. खारात तगण्यासाठी झाड प्रोलिन नावाचं द्रव्य साठवतं, पण वरून ऊन तापलं की तेच प्रोलिन कधी कधी त्याच्या अंगावर उलटतं. मग एखादं झाड प्रोलिन सोडून साखर साठवून बघतं. बहुतेक झाडं काहीच जमवू शकत नाहीत आणि मरतात. बहिणीला एकदा फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, अगदी आपल्या बायकांसारखंच की गं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उडीद म्हणजे उडीद, त्याला बायकांसारखं कशाला व्हायचंय? मरतो बिचारा, तर त्याचं त्याला मरू द्या ना.

ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते ते सर तंजावरी मराठी. त्यांच्या घराण्याला तिकडे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही धड सांगता येत नसे. प्रयोगशाळेत सगळ्यांशी तमिळ आणि इंग्रजी. आम्ही दोघंच असलो की मराठी, आणि तीही अशी की पहिले काही महिने मला हसू आवरायचं नाही. शब्द जुन्या कागदपत्रांतले, हेल तमिळ, सगळ्याला म्हणायचे 'अस्कं', आणि मला 'अम्मा'. मी बोलले की म्हणायचे, तुझी मराठी फार घाईची आहे. त्यांच्या घरी मुलं नातवंडं तमिळमध्येच बोलत. त्यामुळे ही भाषा ऐकायला त्यांच्या बायकोनंतर, म्हणजे काकूंनंतर, मीच उरले होते, असं काकूच एकदा म्हणाल्या.

सरांच्या आईचं गाव खाली त्रिभुज प्रदेशात, समुद्राजवळ. तिथे भाताची कापणी व्हायच्या आधीच उभ्या भातात उडीद फेकतात, आणि भात निघाल्यावर तो राहिलेल्या ओलीवर आणि दवावर वाढतो. त्यांच्या आजोळच्या शेतातला उडीद बुटका, केसाळ पानांचा आणि बारीक काळ्या दाण्याचा. समुद्राचं पाणी वर चढून माती पांढरी व्हायची, तरी तो उभा राहायचा. सरांनी तरुणपणी तिथलं मूठभर बी आणलं आणि सगळी नोकरी त्या बियांवर काढली. नुसत्या खारात तो तगतो हे त्यांनी दाखवलं. पुढे नुसत्या उन्हातही तगतो हे दाखवलं. दोन्ही एकदम दिलं तर काय, तेवढंच राहिलं होतं. आणि त्या वर्षी ते निवृत्त होणार होते.

त्याच्या आधी एक गोष्ट झाली होती. एका वादळात संस्थेची वीज गेली, जनरेटर रुसला आणि बियाण्यांची थंड खोली तापून गेली. सरांच्या उडदाच्या पिशव्या तिथेच होत्या. पेरून बघितलं तर काही उगवेना. मग आम्ही दोघं एग्मोर स्टेशनहून रात्रीच्या गाडीनं त्यांच्या आजोळी गेलो, म्हटलं गावात कुणाकडे तरी गाडग्यात असेल. गावात शेतं नव्हती. कोळंबीची तळी होती, एकाला लागून एक, त्यांत पंखे फिरत होते. सर बांधावर उभे राहिले आणि ज्या तळ्याकडे बघत होते तिथे त्यांच्या आईची विहीर होती म्हणाले. एका म्हातारीनं आम्हाला बसवून कॉफी दिली. उडीद आता दुकानातून पाकीट आणतो, म्हणाली. परतीच्या वाटेवर मला तेव्हाच रडू येत होतं.

शेवटी सगळ्या पिशव्यांमधलं होतं नव्हतं ते बी आम्ही ओल्या कागदावर घातलं. जेमतेम एका ट्रेपुरती रोपं निघाली. माझं म्हणणं साधं होतं. ही रोपं आधी गोड्या पाण्यावर नीट वाढवू, बी धरू, पुढच्या वर्षी काय ते प्रयोग करू. सर म्हणाले, पुढच्या वर्षी मी कुठे आहे? मी वाद घातला, चांगला तावातावानं घातला. पण ते साहेब आणि मी कंत्राटी. ती सगळी रोपं त्यांनी एकदम खारात आणि उन्हात घातली. शेजारी तुलनेला बाजारातला उडीद ठेवला.

शेडनेटच्या कडेला आम्ही प्लास्टिकचा बोगदा केला होता. आत मे महिन्याचं चेन्नईचं ऊन साठायचं, आणि कुंड्यांना मीठ कालवलेलं बोअरचं पाणी. बोअरचं पाणी मुळातच असं होतं की मीठ जपूनच घालावं लागायचं. बाजारातला उडीद आधी गेला, मग सरांचाही एकेक जायला लागला. पानांच्या कडा करपायच्या, मग पान कागदासारखं व्हायचं, मग रोप मान टाकायचं. सर रोज दुपारी घामाघूम होऊन त्या बोगद्यात वाकून बघायचे. मी आत गेले की त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

एक मात्र राहिलं. कोपऱ्यातल्या कुंडीतलं. राहिलं एवढंच नाही, त्याला पिवळी फुलं आली. सरांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद कधी पाहिला नव्हता. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदलायच्या, कुठल्याही रोपाला चांगली जागा कायमची मिळता कामा नये, हे मला शिकवलं सरांनीच. पण ही कुंडी हलवायची नाही म्हणाले, धक्क्यानं फुलं गळतील. आणि एके सकाळी बघते तर कुंडीला काजळाचं बोट लावलेलं. तान्ह्या बाळाला तीट लावतात तसं. मी म्हटलं, सर, हे काय? तर ओशाळून हसले आणि म्हणाले, तुझी काकू ऐकेना. काकूंनी ती कुंडी जन्मात पाहिली नव्हती.

फुलांच्या शेंगा झाल्या. हिरव्या, कोवळ्या, लव असलेल्या. आता खरा प्रश्न उभा राहिला. पानं आणि शेंगा यांच्यात झाडानं काय साठवलंय ते बघायचं तर सगळं झाड उतरवायला हवं, कारण ते होतंच एवढंसं. शेंगा पिकू दिल्या तर बी मिळेल, पण शेंगा पिकेपर्यंत पानं पिवळी पडणार, त्यांतून काही कळणार नाही, आणि सरांचा निरोप समारंभ महिनाअखेरीला. त्यानंतर त्यांना प्रयोगशाळेत पाय ठेवायलाही परवानगी लागणार. मी म्हटलं, सर, थोडी पानं घेऊ आणि शेंगा राहू देऊ. ते म्हणाले, थोड्या पानांत मीठ मोजशील, की प्रोलिन, की साखर? आणि पानं काढली की शेंगा भरणार कशानं? तेही खरंच होतं. कोवळ्या दाण्यात पाणी असतं, गोठवला की तो मेला, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते रात्रभर विचार करून आले आणि म्हणाले, "मला कळायला हवं, अम्मा. बी दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल. मला कळायला हवं."

एका माणसानं सगळं आयुष्य एका प्रश्नावर घालवलं होतं आणि उत्तर समोर कुंडीत उभं होतं. दुपारी ऊन ऐन डोक्यावर असताना आम्ही झाड उतरवलं. सरांनी स्वतः कात्री चालवली. पानं, देठ, शेंगा, सगळं नायट्रोजनच्या धुरात गेलं. मी कुटत होते आणि ते नळ्यांवर नावं घालत होते. शेवटची नळी शेंगांची होती.

प्रोलिन बघायची रीत जुनी आहे. अर्कात एक द्रव्य घालून उकळायचं, थंड करायचं, टोल्यूइन घालून हलवायचं, की वर लालसर थर येतो. झाडानं जितकं सोसलं तितका तो थर लाल. मरायच्या आधी खुडून गोठवलेल्या बाजारी उडदाचा थर डाळिंबाच्या रसासारखा लाल आला. सरांच्या झाडाचा आला फिकट गुलाबी, जवळजवळ पाणीच. मला वाटलं माझ्याकडून काहीतरी चुकलं. परत केलं, परत फिकट. सर नळी उजेडात धरून बघत राहिले. मग म्हणाले, याला प्रोलिनची गरजच नाही, याचा मार्ग वेगळा आहे. मी पण हरखले. दुसऱ्या दिवशी ज्योतीवर जाळून तिच्या रंगावरून मीठ मोजलं, तर पानांत मीठ अगदीच कमी. सर म्हणाले, बघ, मुळाशीच अडवतो तो मीठ, वर येऊच देत नाही. त्या दिवशी काकूंनी गोड शेवया करून पाठवल्या आणि आम्ही त्या प्रयोगशाळेच्या बाहेर जिन्यावर बसून खाल्ल्या. इतके दिवस मार्चची काळजी करणारी मी, त्या दिवशी मला मार्चची आठवणही झाली नाही.

मुळं राहिली होती. मुळाशीच मीठ अडवतो म्हटल्यावर मुळं मोजायलाच हवीत. सर समारंभासाठी चार शब्द लिहीत बसले होते, म्हणून मी एकटीच शेडनेटमध्ये गेले. कुंडी उचलायला गेले तर उचलेना. जोर लावला तर खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला. कुंडी आडवी केली. बुडाच्या भोकातून मुळांचा जुडगा बाहेर आला होता आणि खाली गेला होता. खाली अंथरलेलं प्लास्टिक त्या कोपऱ्यात उन्हानं विरलं होतं. मी हातानंच माती उकरत गेले. मुळं बोगद्याच्या बाहेर, पलीकडच्या कढीलिंबाच्या वाफ्यात गेली होती. आणि त्या वाफ्यातली माती गार होती, ओली होती. मी जिभेला लावून बघितली. मिठाचा मागमूस नव्हता.

तिथे पाणी कोण घालतं हे मला माहीत होतं. चेन्नईत पाण्याचे हाल काढलेली माणसं एसीचं पाणी वाया जाऊ देत नाहीत. घराघरांत त्या नळीखाली बादली असते. सरांच्या खोलीच्या एसीखालीही होती, आणि रोज घरी जाताना ते ती बादली स्वतःच्या हातानं कढीलिंबाला ओतून जात. मीठ नाही, क्षार नाही, अगदी निर्मळ पाणी. रोज संध्याकाळी. त्या झाडानं काहीही अडवलं नव्हतं, कुठलाही वेगळा मार्ग काढला नव्हता. त्याला फक्त उन्हाला तोंड द्यायचं होतं आणि खालून हवं तेवढं गोडं पाणी मिळत होतं. थर फिकट आला कारण ते झाड खारात नव्हतंच. रसायनांनी खरंच सांगितलं होतं, आम्ही आम्हाला हवं ते ऐकलं.

मी तिथे मातीत फतकल मारून बसले आणि रागानं रडले. कुणावर रागावले कुणास ठाऊक. प्लास्टिकवर, उन्हावर, बादलीवर. सांगायचंच नाही असं मनात येऊन गेलं. दोन दिवसांनी ते घरी जाणार, जाऊ देत सुखानं, कोण बघायला येतंय मुळं? पण ते समारंभात हे सांगणार होते. पुढे कुणीतरी बी मागणार, आणि नाही मिळालं तरी त्यावर विश्वास ठेवून आपली वर्षं घालणार. मी हात धुतले नाहीत, तशीच त्यांच्या खोलीत गेले.

ते लिहीत होते. मी म्हटलं, "सर, मुळं खाली गेली होती."

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. समजायला त्यांना काही वेळ लागला नाही, वर्गातल्या हुशार मुलाला लागत नाही तसा. एवढंच विचारलं, कढीलिंबाच्या वाफ्यात का? मी मान हलवली. त्यांनी पेनाला टोपण लावलं. कोपऱ्यात एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं, ते आम्ही दोघं ऐकत होतो.

"अस्कं गेलं," ते म्हणाले.

नुसत्या खारातलं, नुसत्या उन्हातलं काम तर खोटं नाही ना, असं म्हणता आलं असतं. पण म्हणून काय उपयोग होता? उत्तर तर गेलंच, पण त्या उत्तरापायी बी पण गेलं. ते झाड साधं असतं, दोन्ही संकटांत न तगणारं असतं, तरी त्यांच्या आईच्या शेतातलं होतं. गोड्या पाण्यावर ते सुखानं पिकलं असतं. आम्ही ते आमच्या हातांनी कुटलं.

समारंभाला सगळे जमले. शाल, हार, लाडू, सगळं झालं. सर उठले आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाले, दोन्ही संकटांत तगणारा उडीद मला सापडला असं मी गेल्या आठवड्यात काहींना सांगितलं होतं. ते चूक आहे. माझ्याच निष्काळजीपणानं तो प्रयोग फसला, आणि ते वाणही आता उरलेलं नाही. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनय वाटला. संचालक माइक घेऊन म्हणाले, एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि किती हा साधेपणा. सर खाली बसले. काकू माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि मग सोडला. त्या सभागृहात मला वाटलं उठावं आणि ओरडून सांगावं, अहो, तो माणूस खरं बोलतोय. मीही टाळ्या वाजवल्या.

पुढे माझं कंत्राट संपलं ते वाढलं नाही. नवे साहेब आले, त्यांचं काम वेगळ्या पिकावर. फ्रीजर रिकामा करून द्या म्हणाले, आणि मी नळ्या काढत असतानाच सरांचा फोन आला. निवृत्तीनंतरचा पहिलाच. इकडचं तिकडचं विचारलं, नवऱ्याची चौकशी केली, काकूंचे गुडघे दुखतात म्हणाले. मग म्हणाले की शेंगांची नळी टाकायच्या आधी एकदा बघ, कुटताना एखादा दाणा अख्खा राहिला असेल.

मी ती नळी पांढऱ्या कागदावर ओतली. हिरवट भुकटी. काडीनं बाजूला करत गेले. आणि खरोखरच त्यात एक दाणा निघाला. चपटा, न भरलेला, पण अख्खा. मी उलट फोन केला आणि सांगितलं.

"रंग?" त्यांनी विचारलं.

"हिरवा आहे, सर."

मग ते म्हणाले, "ओल्या कापसावर ठेवून बघशील का, अम्मा?"

ज्या माणसानं मला बी म्हणजे काय ते शिकवलं, तो हे विचारत होता. मी म्हटलं, "ठेवते, सर."

घरी आणून ठेवला. उकळून गार केलेलं पाणी घातलं, झाकण लावलं, सावलीत ठेवला. आधी तो मऊ झाला, मग तपकिरी, मग वास यायला लागला, आणि मी तो कापसासकट टाकून दिला. सरांनी परत कधी विचारलं नाही.